पोटरीला हात लावण्याआधी

हॉस्पिटलमधून घरी सोडताना हातात जो कागद देतात, त्यावर सगळ्या गोळ्यांची नावं असतात. त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, टाके कधी काढायचे, पुन्हा दाखवायला कधी यायचं, हेही असतं. आणि सगळ्यात खाली एक ओळ असते: घरी फिजिओथेरपी चालू ठेवावी. कुणाकडून, किती दिवस, कशासाठी, याचा पत्ता नसतो. मला येणारे बहुतेक फोन या एका ओळीपायी आलेले असतात. आई पलंगाला खिळलेली, मुलाने कामावर रजा टाकलेली, आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी लक्षात येतं की एवढ्या मोठ्या मुंबईत हा माणूस शोधायचा कुठे, हे कुणी सांगितलेलंच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पालिकेच्या रुग्णालयात शिकले, पुढे काही वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काम केलं, आणि मग पश्चिम उपनगरांत होम व्हिजिट घ्यायला लागले. दहिसर ते अंधेरी हा माझा रोजचा पट्टा. जुने पेशंट कुणाचं नाव सुचवतात तेव्हा दादर-लालबागपर्यंतही जाते. या फिरण्यात माणसं फिजिओ कसा शोधतात ते मी इतक्या वेळा पाहिलंय की पुढची पायरी कोणती असणार ते आधीच कळतं. पहिल्यांदा विचारतात मेडिकलवाल्याला. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, त्याला पाच मिनिटांत चार नंबर येतात. हॉस्पिटलातल्या एखाद्या मामांनी व्हीलचेअर लिफ्टपर्यंत आणताना हळूच एक नंबर दिलेला असतो. नाहीच काही जमलं तर ज्या ब्युरोने रात्रीची बाई पाठवली, तोच फिजिओही पाठवतो. यातल्या कुठल्याही वाटेने चांगला माणूस भेटू शकतो, भेटतोही. पण या सगळ्या वाटांवर एक प्रश्न कुणीच विचारत नाही: हा माणूस शिकलाय कुठे आणि त्याची नोंद कुठे आहे?

घरात डॉक्टर बोलवायचा तर आपण पाटी वाचतो, डिग्री बघतो. फिजिओच्या बाबतीत मात्र 'हात चांगला आहे' एवढ्यावर दार उघडतं. मग त्या दारातून कुणीही आत येतं. मालिश करणारे येतात, एखाद्या विभागात शेक देण्याचं मशीन लावायला शिकलेले मदतनीस येतात, जिममधले ट्रेनर येतात, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र मिळवलेले येतात. यातल्या कित्येकांच्या हाताला खरंच गुण असतो. थकलेली पाठ मोकळी करणं ही मोठी कला आहे, तिला मी कमी लेखत नाही. माझी हरकत एवढीच की ऑपरेशन झालेला पाय, लकवा मारलेला हात आणि थकलेली पाठ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक ओळखण्याचं शिक्षण घ्यावं लागतं.

लालबागच्या एका चाळीत मला बोलावलं होतं. साठी ओलांडलेले गृहस्थ, डाव्या अंगावरून वारं गेलेलं, हॉस्पिटलमधून येऊन महिना होऊन गेलेला. घरच्यांची तक्रार पायाची नव्हती. ते म्हणाले, 'मॅडम, रात्रभर खांद्यासाठी ओरडतात.' खोलीच्या दाराला वर एक कप्पी लावली होती, तिच्यातून दोरी. त्यांच्याकडे 'फिजिओ' म्हणून येणारा माणूस डावा हात त्या दोरीच्या टोकाला बांधायचा आणि उजव्या हाताने दोरी ओढून डावा हात डोक्याच्या वर न्यायला लावायचा. मुलगाही बापाला पलंगावरून उठवताना डाव्या काखेत हात घालून उचलत होता. प्रेमाने करत होता, कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

लकव्यात सुरुवातीला हात लुळा पडतो तेव्हा दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत धरून ठेवणारे स्नायूच सैल झालेले असतात. हाताचं वजन मग त्या हाडाला खाली ओढतं. मी त्यांना बसवून खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर ते सरळ खळग्यात गेलं. हाड आणि खोबण यांच्यात बोटभर फट. अशा खांद्याला कप्पीने वर खेचलं की आतला मऊ भाग चिमटतो, आणि काखेतून उचललं की उरलीसुरली पकडही सुटते. लकव्याच्या हाताला वरची कप्पी लावू नये हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. ज्याने ती बांधली त्याच्या मनात वाईट काही नसणार. एखाद्या विभागात फ्रोझन शोल्डरच्या पेशंटला कप्पी लावलेली त्याने पाहिली असेल. पण तो खांदा आखडलेला असतो आणि हा निखळत चाललेला. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचंही हात वर न जाणं सारखंच दिसतं.

पहिल्या दिवशी मी व्यायाम जवळजवळ दिलाच नाही. कप्पी उतरवली. झोपताना हाताखाली उशी कशी ठेवायची, बसल्यावर हात मांडीवर लोंबत न ठेवता पाटावर कसा टेकवायचा, कुशीवर वळवताना खांद्याच्या पात्याखाली हात घालून कसं वळवायचं, हे सून आणि मुलगा दोघांकडून माझ्यासमोर करून घेतलं. उठवताना काखेऐवजी कमरेला धरायचं. मग मी घर पाहिलं. खोलीला उंबरठा होता, मोरी एक पायरी खाली, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. म्हणजे या माणसाला हात डोक्याच्या वर जाण्याआधी काय हवं होतं ते उघड होतं. त्याला गॅलरीच्या टोकापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं होतं. आम्ही तेच उद्दिष्ट कागदावर लिहिलं. खुर्चीतून उठणं-बसणं, उभं राहून डाव्या पायावर भार घेणं, उंबरठा ओलांडणं, मग तीन पायांची काठी. खांद्याचं दुखणं हळूहळू कमी होत गेलं, रात्रीची झोप लागायला लागली, आणि काही महिन्यांनी ते शेजाऱ्यांच्या बादल्या चुकवत गॅलरीच्या टोकापर्यंत जायला लागले. हात पूर्ण परत आला नाही. तो येईल असं मी सांगितलंही नव्हतं. लकव्यानंतर सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो, आणि त्यांचा त्यातला महिना कप्पीवर गेला होता. याची खंत मला आजही आहे.

मुंबईच्या इतिहासात या व्यवसायाची मुळं खोल आहेत, हे इथल्या लोकांना फारसं माहीत नसतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने मुलं अपंग होत होती त्या काळात, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. त्याच केईएममध्ये त्याआधी, १९५० साली, कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय उभं केलं होतं. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही त्याच दशकातली. तेव्हा कॅलिपर लावून चालायला शिकलेली मुलं आज म्हातारी झालीत, आणि त्यांतल्या काहींच्या घरी मी जाते. त्यांना फिजिओ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात ही पदवी, बीपीटीएच, गेली बरीच वर्षं साडेचार वर्षांची राहिली आहे. चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप, आणि परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. शरीररचना आम्ही प्रेतावर शिकतो, वॉर्डात वरिष्ठांच्या नजरेखाली पेशंट हाताळतो, आयसीयूत छातीतला कफ काढायला शिकतो. त्यानंतर नोंदणी. त्यासाठी राज्याचा २००२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली व्यवसायोपचार (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषद आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव चढलं की क्रमांक मिळतो. पुढे २०२१ मध्ये केंद्रानेही सहबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला, आणि फिजिओथेरपी त्यात आहे. लोकांना हा क्रमांक म्हणजे सरकारी कागद वाटतो. माझ्या मते त्याचा खरा अर्थ असा की या माणसाने काही चुकीचं केलं तर जाब विचारायला एक जागा आहे. मालिशवाल्याने दुसऱ्या दिवशी फोन बंद केला की त्याला शोधायचं कुठे?

पण नोंदणीचं मोल मला सगळ्यात जास्त जाणवतं ते आम्ही जे करत नाही त्यात. कुठे हात लावायचा नाही हे शिकायला आमचा बराच काळ जातो.

बोरिवलीला एका आजींच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. त्यांना वॉकरवर चालवायचं म्हणून मला बोलावलं. गेले तर त्या म्हणाल्या, 'आज पायात गोळे आलेत गं, पोटरी फार दुखते, जरा चोळून दे आधी.' घरच्यांनी संध्याकाळसाठी मालिशवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. मी पोटरीला हात लावला तो फक्त हाताच्या पाठीमागच्या बाजूने, ऊब पाहायला. एक पोटरी दुसरीपेक्षा गरम लागली. मग पिशवीतली टेप काढली. नडगीच्या वर जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण केली आणि घेर मोजला. फरक तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त आला. दुखणाऱ्या पायाला घोट्याजवळ दाबलं तर बोटाचा खड्डा राहिला.

ऑपरेशननंतर पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अशी पोटरी चोळली तर ती गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्या दिवशी मी आजींना पलंगावरून उठवलंही नाही. त्यांच्या सर्जनना फोन लावला, मापं सांगितली, आणि त्यांनी लगेच डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला सांगितलं. गुठळी निघाली. इंजेक्शनं-गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही चालायला सुरुवात केली. आजी आता नातवाच्या मुंजीची तयारी करताहेत. यात माझं काही विशेष कौशल्य नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे यायला हवं आणि येतं. ज्याला हे शिकवलेलंच नाही तो मात्र 'गोळे आलेत' म्हटल्यावर तेल गरम करायला सांगेल, आणि त्यात त्याचा दोषही म्हणता येणार नाही.

अशी धोक्याची चिन्हं आणखी आहेत. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणं किंवा बसण्याच्या जागेची संवेदना जाणं. रात्री झोपेतून उठवणारी आणि कुठल्याही बाजूला वळून न थांबणारी पाठदुखी, सोबत वजन उतरणं. अशा वेळी चांगला फिजिओ मशीन लावत नाही, पेशंटला डॉक्टरांकडे परत पाठवतो. त्या दिवसाची फी बुडते तरी पाठवतो.

म्हणून कुणी मला विचारलं की नवा फिजिओ पारखायचा कसा, तर मी म्हणते, पहिल्या भेटीकडे लक्ष द्या. तो आल्या आल्या पिशवीतून मशीन काढतो, की खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो? आधीचे कागद, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद मागतो का? शुगर, बीपी, हृदयाचं काही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारतो का? गुडघा बदललेला असेल तर तो किती वाकतो आणि किती सरळ होतो हे मोजून लिहून ठेवतो का? पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं नाही तर सुधारणा झाली की नुसती सवय झाली हे कळणार कसं? तुम्हाला जमिनीवर बसायचंय का, घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे का, मंदिराच्या पायऱ्या चढायच्यात का, हे विचारणारा माणूस तुमचं आयुष्य पाहून व्यायाम देईल. आणि घरातल्या एका माणसाला तो व्यायाम शिकवील. जो फिजिओ आपल्यावाचून तुमचं चालूच नये अशी व्यवस्था करतो, त्याच्यापासून सावध राहा. तेच एकदम तीस सेशनच्या पॅकेजचं. पहिल्या दिवशी, पाहण्याआधीच, तीस हा आकडा कुठून आला?

नोंदणी असली म्हणजे सगळं आलं, असं मी म्हणणार नाही. ओळीने चार पलंग, चारी पेशंटना मशीनच्या वायरी जोडलेल्या आणि फिजिओ बाहेर फोनवर, अशी क्लिनिकं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्रही होतं. आमच्यातही कामाच्या वाटण्या असतात, तेही पाहायला हवं. कुणी लकव्याचे पेशंट वर्षानुवर्षं केलेले, कुणी खेळाडूंचे, कुणी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे, कुणी छातीचे. 'तुम्ही अशा किती पेशंटबरोबर काम केलंय?' असं सरळ विचारायला हरकत नाही. मला कुणी लहान मुलासाठी बोलावलं तर मी दुसऱ्याचं नाव सुचवते.

आणि या शहरात अंतर हा उपचाराचाच भाग आहे. पाठीच्या दुखण्यासाठी वसईहून गर्दीच्या लोकलने दक्षिण मुंबईतल्या नावाजलेल्या क्लिनिकात जाणारे लोक मला भेटतात. तिथे मिळालेला आराम परतीच्या प्रवासात अंधेरीपर्यंतही टिकत नाही. एकदा नावाजलेल्या माणसाकडून तपासणी करून घ्या, हवं तर महिन्याने पुन्हा दाखवा. पण रोजच्या व्यायामासाठी घराजवळचा, नोंदणी असलेला, वेळेवर येणारा फिजिओ बरा.

एक गोष्ट बायकांसाठी. पुरुष फिजिओ असेल तर घरातलं कुणीतरी खोलीत असावं असं म्हणायला संकोच करू नका. कुठे आणि का हात लावणार हे त्याने आधी सांगायला हवं, आणि नको म्हटलं तर थांबायला हवं. बाई फिजिओ हवी असेल तर तसं फोनवरच सांगा. या व्यवसायात बायका भरपूर आहेत.

पैशाचंही बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. मधला माणूस जितका मोठा, तितके फिजिओच्या हाती कमी पडतात. मी सुरुवातीला एका एजन्सीमार्फत काम करायची तेव्हा पेशंट देत असलेल्या पैशातले निम्म्याहून कमी माझ्यापर्यंत पोहोचत. मग दिवसाला जास्त घरं घ्यायची आणि प्रत्येक घरात घड्याळ बघायचं. पेशंटला वाटायचं मॅडम घाईत आहेत, आणि ते खरंच होतं. पोरं साडेचार वर्षं शिकून या कामाला येतात आणि दोन-तीन वर्षांत परदेशच्या परीक्षेला बसतात, याचं कारण मला इथे दिसतं. म्हणून शक्य असेल तर फिजिओला थेट गाठा. हॉस्पिटलमध्ये असतानाच वॉर्डातल्या फिजिओला थांबवून विचारा, 'आमच्या भागात तुमच्या ओळखीचं कोण आहे?' आम्ही बरेचदा एकाच कॉलेजातून निघालेले असतो, एकमेकांना ओळखतो. आणि बिल घ्या. त्यावर नाव, नोंदणी क्रमांक आणि तारखा असू द्या. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस धरतात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी व असं बिल असेल तर हा खर्च परत मागता येतो. कित्येकांनी तो मागितलेलाच नसतो.

फोनवर नोंदणी क्रमांक विचारला तर समोरच्याला अपमान वाटेल, अशी भीती लोकांना असते. आम्हाला वाटत नाही. क्रमांक मिळाला नाही किंवा खात्री वाटली नाही तर परिषदेकडे चौकशी करा, नोंदवही त्यासाठीच ठेवलेली असते.

ज्यांना घरी कुणाला बोलावणं परवडत नाही त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत आणि हाजी अलीला पुनर्वसन संस्था आहे. तिथे गर्दी असते, विद्यार्थी हाताळतात, पण शिकवणाऱ्यांची नजर असते आणि मुंबईतले कितीतरी चांगले फिजिओ तिथेच घडले आहेत. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, जुने एक्स-रे आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. आणि घरचं एक माणूस सोबत न्या, कारण व्यायाम त्यालाही शिकायचे आहेत.